सगळ्यांची दुसरी पसंती

सिनेमाच्या धंद्यात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. फिल्म खरोखर कापून चिकटवावी लागे त्या काळापासून त्या संकलनाचं काम करत होत्या. मोठमोठ्या दिग्दर्शकांची लाडकी दृश्यं त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता उडवली होती, आणि त्याच दिग्दर्शकांनी पुढे बक्षिसं घेताना त्यांचे आभार मानले होते. निवृत्त झाल्यावर त्या बागेच्या नादी लागल्या. तिथेही त्यांची छाटणी इतकी कडक होती, की शेजारी आपल्या कुंड्या कुंपणापासून जरा लांबच ठेवत.

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. देशातला सगळ्यात मानाचा पुरस्कार, त्यामुळे बाई खूश होत्या. मग अंतिम फेरीतल्या पाच सिनेमांची नावं कळली आणि त्यांचा चेहरा पडला. पाचांतला एक भुताचा होता.

कात्रीबाईंना भुताच्या सिनेमाची भीती वाटायची. आयुष्यात त्यांनी असा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. कापायला आला तर प्रकृतीचं कारण सांगून नाकारायच्या. हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं, नवऱ्याला आणि नणंदेला. नणंद त्याच घरात वरच्या मजल्यावर एकटी राहायची. रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, आणि भुताच्या सिनेमांची पक्की शौकीन.

"वहिनी, घाबरण्यासारखं काय असतं त्यात?" ती म्हणाली. "दार वाजतं, बाई उघडायला जाते, बाहेर मांजर असतं."

"मग ती उघडायला जातेच कशाला?"

"नाही गेली तर सिनेमा कसा पुढे जाईल?"

"वन्सं, तुम्ही हा बघितलाय ना? खरं सांगा, कसा आहे?"

नणंदेने तो दोनदा पाहिला होता. तिने जरा विचार केला. "ह्यात मांजर नाही," एवढंच ती म्हणाली.

समितीचं काम एका जुन्या स्टुडिओतल्या छोट्या प्रेक्षागृहात चालायचं. खुर्च्यांच्या स्प्रिंगा इतक्या जुन्या, की कोणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळावं. बाईंखेरीज आणखी चौघं परीक्षक होते. सिनेमावर जाडजूड पुस्तकं लिहिलेले एक प्राध्यापक. पांढऱ्या मिशांचे एक छायाचित्रकार, ज्यांना सगळे मामा म्हणत. एकेकाळचा गाजलेला नायक, ज्याला पोट सुटलं तरी लोक अजून हिरोच म्हणत. आणि एक तरुण दिग्दर्शिका, जिचा नुकताच दुसरा सिनेमा आला होता. कागदपत्रं आणि चहा सांभाळायला एक सचिव होते.

पहिले चार सिनेमे नीट पार पडले. एक मिठागरात राबणाऱ्या माणसांवर होता. संथ, सुंदर आणि लांबलचक. एक गायिकेच्या आयुष्यावर, एक न्यायालयातल्या खटल्यावर आणि एक युद्धावर. प्रत्येक सिनेमा संपला, की मंडळी चहा घेत घेत तासभर बोलायची. प्राध्यापक सर्वांत जास्त बोलायचे. मिठागराच्या सिनेमावर तर ते इतकं बोलले, की सचिवांनी दुसऱ्यांदा चहा मागवला.

पाचव्या सिनेमाच्या सकाळी कात्रीबाई जाड शाल घेऊन आल्या. "इथला पंखा फार लागतो," असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक मोठं कुटुंब भाड्याच्या घरात राहायला येतं. रोज दिवेलागणीला दारावर टकटक होते. दार उघडावं तर बाहेर कोणीच नाही. पण दार उघडलं, की घरातलं एक माणूस बाकीच्यांच्या आठवणीतून पुसलं जातं. ते माणूस घरातच असतं, बोलत असतं, हाका मारत असतं. इतरांना मात्र ते दिसत नाही की ऐकू येत नाही. आणि जातं कोण, तर ज्याच्याशी त्या दिवशी घरात कोणी एक शब्दही बोललेलं नसतं ते. पहिले आजोबा जातात.

पहिली टकटक झाली आणि मामांची खुर्ची करकरली. दुसऱ्या वेळी हिरोची. कात्रीबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. मग पडद्यावर जेवणाचं दृश्य सुरू झालं आणि पार्श्वसंगीत अचानक थांबलं. संगीत थांबलं की काय होतं हे एवढी वर्षं तेच काम करून त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी शाल डोक्यावरून ओढून घेतली, डोळे घट्ट मिटले आणि कानांवर हात ठेवले. बऱ्याच वेळाने त्यांनी हात जरा सैल केले, आजूबाजूला कोणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांनी शाल खाली केली. दृश्य संपलं होतं. पुढचा सिनेमा त्यांनी नेटाने पाहिला. शेवटी घरातली धाकटी मुलगी दिवसभर घसा बसेपर्यंत प्रत्येकाशी बोलत सुटते, दिसणाऱ्यांशी आणि न दिसणाऱ्यांशीही, आणि त्या संध्याकाळी दार वाजत नाही.

दिवे लागले. चहा आला. तासभर बोलणारी मंडळी त्या दिवशी गप्प होती. मग एकेक जण काहीतरी पुटपुटत उठला आणि बाहेरच्या व्हरांड्यात गेला.

बाईही मोबाईल घेऊन बाहेर आल्या. एका खिडकीपाशी मामा बायकोशी बोलत होते. "काही नाही गं, सहज. अगं, सहज करू नये का फोन? नाही, चष्मा सापडलाय. चष्म्यासाठी नाही केला."

जिन्याशी हिरो उभा होता. "दादा, मी बोलतोय. मी म्हणजे मी. अरे, तुझा धाकटा भाऊ, आणखी कोण?"

खांबाआड प्राध्यापक मोठमोठ्याने विचारत होते, "आई, जेवलीस का? जेवलीस का, म्हटलं. नाही, मी नाही पडलो. कोणीच नाही पडलं." दिग्दर्शिका पायरीवर बसून बहिणीशी बोलता बोलता हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

कात्रीबाईंनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, काय करताय?"

"कोण गेलं?" नणंदेने घाबरून विचारलं.

"कोणी गेलं नाही हो. उगीच केला. सकाळपासून तुमच्याशी बोलणं झालं नव्हतं."

मग नणंद समजुतीच्या सुरात म्हणाली, "वहिनी, तुम्ही तो सिनेमा बघितलात."

सगळे परत आत आले तेव्हा कोणी फोनबद्दल अवाक्षर काढलं नाही. चर्चा सुरू झाली.

"बांधेसूद आहे," प्राध्यापक म्हणाले. "त्याच्या प्रकारात उत्तमच. पण शेवटी भुताचा सिनेमा."

"प्रकाशयोजना फारच देखणी," मामा म्हणाले. "पण पुरस्कार म्हणजे, कसं आहे ना..."

"मला आवडला," हिरो म्हणाला. "पण माझं सोडा."

"मलाही आवडला," दिग्दर्शिका म्हणाली आणि प्राध्यापकांकडे बघून पुढे म्हणाली, "पण मिठागराची खोली वेगळीच आहे."

बाईंनी सगळ्यांचे 'पण' ऐकले आणि मतदान घ्यायला सांगितलं. पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाने पाचही सिनेमांना आपल्या पसंतीचा क्रम द्यायचा. पहिल्याला जास्त गुण, दुसऱ्याला त्याहून कमी, असं करत बेरीज काढायची. सगळ्यांनी हाताच्या आडोशाने आकडे लिहिले. सचिवांनी बेरीज केली, चष्मा पुसला आणि पुन्हा केली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या पसंतीची मतं चार सिनेमांत विभागली गेलीत," सचिव म्हणाले. "भुताच्या सिनेमाला पहिली पसंती कोणीच दिलेली नाही. दुसरी मात्र सगळ्यांनी दिलीय. पाचही जणांनी. त्यामुळे बेरजेत तोच वर आलाय."

खुर्च्या एकदम करकरल्या.

"हे हास्यास्पद आहे," प्राध्यापक म्हणाले. "कोणालाच पहिला वाटला नाही तो सिनेमा देशात पहिला? उद्या लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं? सगळ्यांना थोडा थोडा आवडला म्हणून दिला?"

"नियम तसाच आहे," सचिव चाचरत म्हणाले.

"नियम मला माहीत आहे. तो मीच लिहिलाय."

दिग्दर्शिकेला हसू आवरेना. बाईंनी मात्र हातातला कप खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी माणसांना आपलं दृश्य का ठेवायचंय ते विचारलं होतं. कारण पटलं तर ठेवलं होतं, नाही तर कात्री. आता त्यांनी तोच प्रश्न उलटा विचारायचं ठरवलं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "ह्याला दुसरा का ठेवलात? तिसरा नाही, पाचवा नाही. पाचही जणांच्या मनात नेमका दुसरा कसा आला?"

शेवटी हिरोने घसा साफ केला.

"मी गल्लाभरू सिनेमातला माणूस," तो म्हणाला. "शिट्ट्या-टाळ्यांचा. इथे मला बोलावलं तेव्हाच पुष्कळांनी नाकं मुरडली. मी जर भुताला पहिला नंबर दिला, तर म्हणतील, ह्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा. म्हणून मी गायिकेला दिला. गायिकेचा सिनेमा बघताना, खरं सांगू का, मला मधे डुलकी लागली होती."

"ते ऐकू आलं होतं," मामा म्हणाले. मग तेही मोकळे झाले. "युद्धाचा सिनेमा टिपणारा पोरगा माझ्या हाताखाली शिकलाय. त्याला पहिलं दिलं नसतं तर घरी जाऊन मला चैन पडलं नसतं. पण अंधार कसा उजळावा ते ह्या भुतावाल्यांना त्याच्यापेक्षा बरं कळलंय."

दिग्दर्शिका म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही सगळे मोठे. मी एकटीच भुताचं नाव पहिलं लिहिलं तर हिला काही कळत नाही म्हणाल."

"आम्ही काहीच म्हटलं नसतं," प्राध्यापक म्हणाले.

"सर, तुम्ही तुमच्या पुस्तकात म्हटलंय. भयपट ही करमणूक आहे, कला नव्हे. अख्खा धडा आहे. आम्हाला परीक्षेला होता तो."

प्राध्यापकांचे कान लाल झाले. "तो धडा माझ्या तरुणपणीचा आहे," ते म्हणाले. "पण मिठागराला पहिला नंबर मी मनापासून दिलाय, हे नोंदवून ठेवा. बाई, तुमचं काय?"

आता सुटका नव्हती. कात्रीबाईंनी शालीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी जेवणाचं दृश्य बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "शालीत तोंड घालून बसले होते. मला भुतांची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. जो सिनेमा पुरता बघितला नाही, त्याला पहिला नंबर कोणत्या तोंडाने देऊ?"

मग मामा मिशीतल्या मिशीत हसायला लागले, आणि बघता बघता सगळेच हसले. बाईही हसल्या. आतापर्यंतची सगळी चर्चा पाहुण्यांसारखी झाली होती. हसल्यावर माणसं घरच्यासारखी बोलू लागली.

"तेच तर दृश्य," हिरो म्हणाला. "बाई, तेच बघायचं होतं."

"काय येतं त्यात?"

"ते सांगण्यासारखं नाही. बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एवढंच दृश्य पुन्हा लावायचं ठरलं. बाईंच्या विनंतीवरून प्रेक्षागृहातले अर्धे दिवे चालू ठेवले. त्या हिरोच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याच्या कोटाची बाही घट्ट धरली. "माझ्या चाहत्यांनीही कधी इतकी घट्ट धरली नव्हती," तो कुजबुजला.

पडद्यावर जेवणाचं टेबल आलं. कुटुंब जेवायला बसलेलं. संगीत थांबलं. बाईंनी निग्रहाने डोळे उघडे ठेवले. टेबलाच्या मागे एक काळोखी खिडकी होती. तिथूनच येणार, असं वाटून त्या खिडकीकडे बघत राहिल्या. घरातली माणसं बोलत होती, हसत होती, एकमेकांना वाढत होती. कोणीतरी शाळेतली गंमत सांगितली. खिडकीत काहीच आलं नाही. कॅमेरा हलला नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इतका वेळ डाव्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर, आजोबा उभे आहेत. खुर्च्या मोजून मांडलेल्या, ताटंही मोजून मांडलेली. आजोबा एकदा सुनेजवळ जातात, एकदा मुलाजवळ. "मला कुठे बसायचंय?" असं ते अगदी हळू, संकोचून विचारतात, जणू चूक आपलीच आहे. कोणी वर बघत नाही. नातू हसता हसता हात लांब करतो आणि आजोबांच्या अंगाआडून पाण्याचा तांब्या उचलतो.

एवढंच दृश्य होतं. भूत त्यात कुठेच नव्हतं.

बाईंच्या हातातली बाही सुटली. त्यांच्या मनातली कात्री आपोआप चालू झाली होती. इथे मी कापून आजोबांच्या चेहऱ्यावर गेले असते, त्या मनात म्हणाल्या. इथे ताटांवर. इथे सुनेच्या हातावर. आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकाची मान धरून सांगितलं असतं, बघ, इकडे बघ. ह्या माणसाने एकदाही कापलं नव्हतं. बघणारा भुताच्या धास्तीने काळोख्या खिडकीकडे बघत राहतो, आणि त्या नादात त्याच्याही नजरेतून आजोबा सुटतात, घरच्यांच्या सुटले तसेच.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. दृश्य पुन्हा लागलं. या वेळी त्या खुशाल रडल्या. हिरोने खिशातून रुमाल काढून दिला. तो आधीच ओला होता.

फेरमतदान झालं. चौघांनी भुताचा सिनेमा पहिला ठेवला. प्राध्यापकांनी मिठागरच पहिला ठेवला आणि ते ठेवताना जरासे गुरगुरले, पण भुताला दुसरा नंबर न विसरता दिला.

निकाल सांगायला पत्रकारांना बोलावलं होतं. सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी सिनेमाचं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी वाजवली. पुढच्या रांगेतला एक वार्ताहर लगेच उठला.

"भुताखेतांचा सिनेमा देशात सर्वोत्तम? तिकीटबारीवर धो धो चालला म्हणून दिलात का? अलीकडे सगळीकडे असलेच सिनेमे बक्षिसं मिळवतात. ह्यामागचं कारण काय?"

बाई उत्तर द्यायला पुढे सरकल्या, तेवढ्यात प्राध्यापकांनी ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला.

"आधी एक स्पष्ट करतो," प्राध्यापक म्हणाले. "मी ह्या सिनेमाला पहिलं मत दिलेलं नाही. मला दुसरा एक सिनेमा जास्त चांगला वाटला, आजही वाटतो. त्यातली माणसं बघून मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि मी घरी जाऊन शांत झोपलो. हा भुताचा सिनेमा बघितला आणि मी उठून आईला फोन केला. त्या दिवसापासून रोज करतोय. ती आता वैतागलीय. काल म्हणाली, तुझं काही बिनसलंय का?"

सभागृहात हशा पिकला.

"तुम्ही कारण विचारलंत," ते पुढे म्हणाले. "उपदेश करणारा सिनेमा लागला, की आपण आधीच हाताची घडी घालून बसतो. तो काय सांगणार ते आपल्याला माहीत असतं, आणि आपण कसे चांगले आहोत तेही. भुताच्या सिनेमाला आपण घाबरायला जातो, मजेने जातो, दार उघडं टाकून जातो. मग कोणी हुशार माणूस त्या उघड्या दारातून आपल्याच घरातले आजोबा आत आणून उभे करतो. तिकिटं विकली गेली हा त्याचा गुन्हा नाही. लोकांना ते आजोबा ओळखीचे वाटले."

वार्ताहर खाली बसला आणि लिहायला लागला. बाईंनी प्राध्यापकांच्या पाठीवर हलकेच थाप मारली. कौतुकाच्या बाबतीत एरवी त्या हात राखून असत.

कार्यक्रमानंतर गर्दीतून वाट काढत सिनेमाचा दिग्दर्शक त्यांच्याकडे आला. चाळिशीतला, गोंधळलेला माणूस. पूर्वी तो प्रेशर कुकरच्या जाहिराती बनवायचा. त्याने वाकून नमस्कार केला आणि शब्द न सुचून पुन्हा एकदा केला.

"पुरे," बाई म्हणाल्या. "मला एकच सांगा. जेवणाच्या दृश्यात एकदाही कापलं नाहीत. खिडकी रिकामी ठेवलीत. हे धाडस कसं सुचलं?"

दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुम्हाला खोटं सांगवत नाही. खिडकीत भूत येणार होतं. चांगलं उंचपुरं भूत ठरवलं होतं. पण त्याचे कपडे धोब्याकडून आलेच नाहीत. आजोबांचं काम करणारे गृहस्थ थकले होते, टेबलावरचं जेवण गार होत चाललं होतं. म्हटलं, आधी भुताशिवाय एकदा घेऊन ठेवू. घेतलं, आणि बघितलं तर..." तो थांबला. "तर मला भुताला परत बोलावावंसंच वाटेना. पूर्ण पैसे देऊन घरी पाठवलं बिचाऱ्याला."

कात्रीबाईंना असं हसू फुटलं, की त्यांना जवळच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"हसताय?" दिग्दर्शक कानकोंडा झाला.

"धोब्यावर हसले. तुमच्यावर नाही. कपडे आल्यावर ते दृश्य पुन्हा न घेणं, ते तुमचं. ते कुठल्या धोब्याला जमायचं नाही."

पलीकडे प्राध्यापकांभोवती पत्रकारांचं कोंडाळं जमलं होतं. त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. "त्या रिकाम्या खिडकीत," ते दोन्ही हातांनी हवेत चौकट आखून सांगत होते, "दिग्दर्शकाने भुताची अनुपस्थिती किती काटेकोरपणे, किती महिन्यांच्या चिंतनातून योजली आहे बघा. ह्यावर मी एक स्वतंत्र धडा लिहिणार आहे."

दिग्दर्शक अस्वस्थ झाला. "सांगू का मी त्यांना खरं काय ते?"

बाईंनी त्याचा दंड धरून त्याला चहाच्या टेबलाकडे वळवलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "फार छान रंगात आलेत ते."